५५ इंची टीव्ही घ्यायचाय, पण कुठला?

‘पस्तीस हजारांत ५५ इंची फोरके (म्हणजे भरपूर बारीक ठिपक्यांच्या पडद्याचा) टीव्ही मिळत असताना लाखभर कशाला घालवायचे?’ हा नेहमीचा प्रश्न रास्त आहे. पण घरात बघता काय, ते आधी सांगा. आमच्याकडे आईच्या मालिका केबलवर, त्याही एसडी, म्हणजे जुन्या कमी स्पष्ट चित्राच्या चॅनेलवर. ७२० बाय ५७६ पिक्सेलचं (ठिपक्यांचं) चित्र फोरकेच्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर ताणलं की महागड्या टीव्हीवरही चेहरे मेणाचे दिसतात. तिथे स्वस्तातला घ्या, बिनधास्त.

रात्री दिवे मालवून सिनेमे बघत असाल तर गोष्ट वेगळी. महागड्या ओलेड पडद्यामध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो नि विझतो, म्हणून काळा तो काळाच. माझ्या स्वस्त टीव्हीवर काळोखातला प्रसंग आला की पडदा राखाडी होतो, कोपऱ्यांतून उजेड झिरपतो. खोक्यावर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र) छापलंय, हो! पण तेवढा उजेड पाडायची पॅनेलची ताकदच नाही. दोन वर्षांत टीव्ही संथही झाला इतका, की बटण दाबून चहाचा घोट घ्यावा तेव्हा मेनू उघडतो. इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी वेगळी स्टिक टीव्हीला लावली, भागलं.

आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर तेवढं विचाराच.