मदत हवी आहे: ‘ओमा’ने संपणाऱ्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी,

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. वैद्यकीय शब्द घोकण्यापेक्षा फोडून समजून घ्यायचा प्रयत्न चालू आहे. काही प्रत्यय पटकन डोक्यात बसले. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं. ट्रॅकिऑटमीत श्वासनलिकेला छेद देतात, ट्रॅकिऑस्टमीत तिथे श्वासासाठी तोंड तयार करतात. एका ‘स’ने केवढा फरक पडतो! मला हे फार आवडतं.

गाडी अडते ती ‘ओमा’पाशी. अर्थ ‘गाठ’ असा शिकवतात. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, पण लिम्फोमा हा कर्करोग. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात तर गाठीचा संबंधच नाही, तो दृष्टीच्या नसेला इजा करणारा आजार. मग नुसत्या शब्दावरून गाठ साधी की घातक हे ओळखायची काही खूण आहे का, की प्रत्येक शब्द वेगळाच लक्षात ठेवायचा?

आणखी एक. मूत्रपिंडासाठी विशेषण लॅटिन ‘रीनल’, दाह मात्र ग्रीक ‘नेफ्रायटिस’. फुफ्फुसाचंही तसंच, ‘पल्मनरी’ आणि ‘न्यूमोनिया’. विशेषणं लॅटिन, आजारांची नावं ग्रीक असा कल दिसतो खरा, पण ‘टॉन्सिलायटिस’मध्ये लॅटिन शब्दाला ग्रीक प्रत्यय जोडलेला आहे. मग या कलावर कितपत विसंबावं?

हा विषय शिकवणाऱ्यांनी किंवा रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. सोबत दोन-चार उदाहरणं दिलीत तर फार मदत होईल.