पद्मिनीचा अ‍ॅक्सल, जिप्सीचं इंजिन आणि दोन सिटांची उघडी गाडी: सुरुवात कुठून करू?

मानेवाडा_गॅरेज:
नमस्कार मंडळी. बाबांची प्रीमियर पद्मिनी, एमएच-३१ पासिंगची, कित्येक वर्षांपासून आमच्या अंगणात उभी आहे. फ्लोअर गेला, सिल (दारांखालचे पत्रे) गेले, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथं अडकतात त्या जागासुद्धा सडल्या. पत्रेवाला म्हणाला, नवा पत्रा जोडायला जुना पत्रा तर पायजे ना भाऊ. मूळ १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक तडकलेला आहे.

पण खालचा माल ठणठणीत आहे. मागच्या अ‍ॅक्सलला आवाज नाही, पुढचे विशबोन (पुढची चाकं धरणारे हात) सरळ आहेत, स्टिअरिंग बॉक्समध्ये खेळ नाही. याच गाडीनं बाबा आम्हाला रामटेकला, पेंचला आणि आजोळी अमरावतीला न्यायचे. तो अ‍ॅक्सल भंगारात किलोवर जावा हे मला पाहवणार नाही.

म्हणून ठरवलंय की चौकोनी पाइपची फ्रेम बांधायची, लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीवर. दोन सिटा, दरवाजे नाहीत, छत नाही. पुढचं सस्पेन्शन, मागचा अ‍ॅक्सल, हब आणि स्टिअरिंग बॉक्स पद्मिनीचं. वाडीतल्या एका भंगारवाल्याकडे जिप्सीचं १२९८ सीसी एमपीएफआय (इंजेक्शनवर पेट्रोल घेणारं) इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि पूर्ण वायरिंगसकट. वेल्डिंग माझा रोजचा धंदा आहे, त्याची चिंता नाही.

चिंता अशी: जिप्सीचं इंजिन ८० हॉर्सपॉवरचं, म्हणजे मूळच्या जवळपास दुप्पट. अ‍ॅक्सल टिकेल का? चारही चाकांना ड्रम ब्रेक चालतील का? आणि एवढ्या बुटक्या नाकात रेडिएटर बसवला तर नागपूरच्या मे महिन्यात इंजिन थंड राहील का? गाडी रस्त्यावर आणता आली तर आणेन, नाहीतर काटोलकडे मेव्हण्याचं शेत आहे.

हिंगणा_लेथ:
भाऊ, आधी एक काम कर. कटर हातात घ्यायच्या आधी पुढच्या विशबोनच्या सगळ्या माउंटिंगची मापं घे. एकमेकांपासूनचं अंतर, जमिनीपासूनची उंची, मागे-पुढे कलणारा कोन, सगळं. टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा विशबोनच्या पिव्होटपासून नेमका कुठं आहे तेही लिहून ठेव. हा सांधा नव्या फ्रेमवर थोडा जरी वर-खाली गेला तर खड्ड्यात चाक उचललं की ते आपोआप वळतं, आणि स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला कळत नाही की गाडी काहून ओढून रायली. एकदा पत्रा कापला की ही मापं जगात कुठंच मिळणार नाहीत. इंजिन बसवणं त्यामानानं सोपं आहे, मी हे मनापासून सांगतो. माउंट दोनदा बदलता येतात, भूमिती नाही.

अ‍ॅक्सलचं म्हणशील तर मला भीती वाटत नाही. हाफ शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या आतल्या दांड्यावर) येणारा पीळ टायरच्या पकडीपेक्षा जास्त होऊच शकत नाही, आणि तुझी गाडी पद्मिनीपेक्षा कितीतरी हलकी असेल. टायर आधी घसरेल. फक्त फार रुंद टायर घालू नको, नाहीतर हा हिशोब उलटतो. काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेत मागचा अ‍ॅक्सल डिफरन्शियलच्या (मधल्या गिअरच्या डब्याच्या) पोटाला लावलेल्या ए-आकाराच्या ब्रॅकेटवर धरला होता. त्यानं हाउसिंग वाकायचं आणि तेल गळायचं. म्हणून तुझे सगळे ब्रॅकेट दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर घे, पोटावर काहीही वेल्ड करू नको. पाटे काढून कॉइल स्प्रिंग घालणार असशील तर दोन्हीकडे वर-खाली असे चार ट्रेलिंग लिंक (मागे-पुढे धरणारे दांडे), आणि डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड, जमेल तेवढा लांब. पाटेच ठेवून त्यातले काही काढून टाकायचा मोह होईल. तो टाळ, कारण पातळ पाटे जोराच्या पिकअपला एस आकारात मुरडतात आणि अ‍ॅक्सल नाक वर करतो.

प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा) छोटा होईल. कापून वेल्ड करताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे काटे) एका रेषेत असायला पायजे, मग बॅलन्सिंग करून घे. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरचा) कोन समांतर ठेव. क्रॉसवरचा (शाफ्टच्या वाकत्या सांध्यावरचा) कोन तीन अंशांच्या आत, पण अगदी शून्यही नको, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत आणि कपात खड्डे पडतात.

आता ब्रेक. ड्रम चालतील, गाडी हलकी आहे. पण मास्टर सिलिंडर (पेडलनं दाबला जाणारा ब्रेकचा मुख्य पंप) एकाच सर्किटचा असेल तर तो काढून टाक. पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं असलेला टँडम लाव, यात तडजोड नाही. आणि मूळ गाडीत सगळं वजन नाकावर होतं, तुझ्या गाडीत इंजिन बरंच मागे येईल, त्यामुळे पुढचा-मागचा ब्रेकचा तोल बदलणार. ओल्या रिकाम्या जमिनीवर ब्रेक दाबून पाहा. पुढची चाकं आधी लॉक झाली पायजे. मागची आधी झाली तर गाडी फिरते. तसं दिसलं तर मागचा व्हील सिलिंडर लहान बोअरचा घाल.

स्टिअरिंगचा जुना सरळ दांडा तसाच वापरू नको. मध्ये दोन क्रॉस घालून त्याला बाक दे, म्हणजे समोरून मार बसला तर दांडा छातीवर न येता मोडेल.

काटोलरोड_इलेक्ट्रिकल:
लेथवाल्या काकांचं बरोबर आहे. मी वायरिंग आणि पाण्याचं सांगतो.

वायरिंग कापू नकोस. लांब वाटली तरी पूर्ण हार्नेस (वायरांचा जुडगा) टेबलवर पसर, इंजिन लाकडी घोडीवर ठेवून आधी तिथंच चालू कर. ते नीट चालल्यावरच नको असलेले फाटे एकेक काढ. इंजेक्शनला प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप लागतो, पद्मिनीचा इंजिनवरचा यांत्रिक पंप कामाचा नाही. टाकीत आत छोटा कप्पा कर, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

रेडिएटरबद्दल तुझी भीती रास्त आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि डांबरालगतची हवा त्याहून गरम असते. बुटक्या नाकात रेडिएटरचा माथा इंजिनच्या हेडपेक्षा खाली येतो, म्हणून हवा हेडमध्ये अडकते. मग काटा शांत दिसतो आणि हेड गॅस्केट जातं. उपाय असा की एक्स्पान्शन टाकी (फुगलेलं पाणी सामावणारी) संपूर्ण सिस्टममध्ये सर्वांत उंच जागी, फायरवॉलवर लाव, प्रेशर कॅप तिच्यावरच घे, आणि हेड व रेडिएटर दोन्हींच्या माथ्यावरून बारीक नळी टाकीत आण. नाकाच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत चारही बाजूंनी पत्र्याचा बंदिस्त मार्ग कर. हवा आळशी असते, फट मिळाली की कोअरला वळसा घालून निघून जाते. गरम हवा बाहेर पडायला बाजूच्या पॅनलला जाळ्या हव्यातच, नुसतं आत घेऊन भागत नाही. पंखा मागून ओढणारा, शक्य असेल तर श्राउडसकट (पंख्याभोवतीच्या आवरणासकट).

एक सुचवतो. अ‍ॅम्बेसेडरचं १८१७ सीसी इसुझू इंजिन पाहिलंस का? चिंकारा मोटर्सनं सेव्हनसारखी रोडस्टर बांधली तेव्हा तेच घेतलं होतं. पण ते जड आहे. माझं मत जिप्सीलाच.

पासिंगवाला:
रस्त्याचं मी स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडी नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तुमची फ्रेमच नवी, म्हणजे ही पद्मिनी उरतच नाही. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, नंबर बॉडीवरच असतो. तो तुकडा कापून नव्या फ्रेमवर वेल्ड करा असा सल्ला कोणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा, तो फौजदारी गुन्हा आहे.

व्हिंटेजची वाटही नाही. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसलेलीच गाडी बसते.

कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचं आरटीओला कळवून आरसी (नोंदणी पुस्तक) जमा करा, आणि इंजिन घेताना भंगारवाल्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पावती घ्या. मग काटोलच्या शेतात मनसोक्त चालवा. तिथपर्यंत टेम्पोत घालून न्या, दोरीनं ओढतसुद्धा नाही.

मानेवाडा_गॅरेज:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेत तर शेत. बाबा तिथं शेजारच्या सिटवर बसले की माझं काम झालं. विशबोनची मापं घेतली, प्लायवूडवर पूर्ण आकारात आखून ठेवली. काका, अ‍ॅक्सलचा रेशो कसा काढू? पुढच्या स्प्रिंग तशाच ठेवू का?

हिंगणा_लेथ:
प्लायवूडवर आखलंस हे फार चांगलं केलंस. रेशोसाठी (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) एक चाक जमिनीवर टेकलेलं ठेव, दुसरं उचल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि पिनियनचे फेरे मोज. तोच रेशो. समजा ४.३ निघाला आणि चाकाचा घेर १.९ मीटर भरला, तर चौथ्या गिअरला, जो थेट एकास एक असतो, ४००० आरपीएमवर ताशी १०६ किलोमीटर होतात. शेतात एवढे लागत नाहीत, म्हणून रेशो बदलायच्या भानगडीत पडू नको.

स्प्रिंग तशाच ठेवल्या तर नाक आभाळाकडे जाईल. कापूही नको, कापलेली स्प्रिंग आणखी कडक होते. आधी फ्रेमवर इंजिन, बॉक्स, टाकी आणि सिटा टॅकवर (तात्पुरत्या वेल्डवर) बसव, टेम्पोतून वाडीच्या धर्मकाट्यावर ने. पुढची चाकं काट्यावर घेऊन एकदा, मागची घेऊन एकदा वजन कर, दोन माणसं आत बसवून. दोन्ही आकडे इथं टाक, मग तारेची जाडी आणि वेढे मी काढून देतो.