जंप-स्टार्टच्या केबल उलट्या लागल्या, आता बॅटरी चार्ज होत नाही

प्रश्न
जंप-स्टार्ट करताना (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून गाडी सुरू करताना) लाल-काळी केबल उलटी लागली. मोठी ठिणगी उडाली, दोन-तीन सेकंदांत काढली. मग नीट जोडल्यावर इंजिन सुरू झालं. पण बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, हॉर्न आणि पॉवर विंडो बंद आहेत. बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.३ व्होल्ट, चालू असताना १२.१. छोटे फ्यूज शाबूत दिसतात. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलावाच लागेल का?

प्रतिसाद १
एवढ्यात नको. अल्टरनेटरमधले डायोड एकाच दिशेने करंट सोडतात. केबल उलटी लागली की नेमकी तीच दिशा मोकळी होते आणि बॅटरीचा करंट थेट बॉडीत जातो, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. अशा वेळी मुख्य फ्यूज आधी उडाला तर डायोड वाचतात. हा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, बहुधा नटाने आवळलेला असतो. ८० ते १५० अँपिअरचा. उपटायला जाऊ नका, तुटेल.

इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायर अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टला लावा. तिथे बॅटरीएवढेच व्होल्ट हवेत. शून्य आलं तर मधली वाट तुटली आहे. तोवर इंजिन चालवू नका, अल्टरनेटरवर लोड नसेल तर व्होल्टेज उसळतं.

प्रतिसाद २
छोटे फ्यूज 'दिसतात' यावर जाऊ नका, चीर केसाएवढी असू शकते. एकेक काढून मल्टिमीटरच्या बीपवर तपासा; बीप वाजली तर फ्यूज शाबूत. हॉर्न, विंडो तिथेच सापडतील. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा; तार गुंडाळणं म्हणजे पुढच्या वेळी वायरिंग जाळायची सोय.

एखादा फ्यूज बदलल्या बदलल्या उडत असेल, तर त्या लाइनवरच्या मॉड्यूलमधला (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्समधला) संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असू शकतो. मोठा फ्यूज टाकून तो प्रश्न सुटत नाही.

प्रश्नकर्ता
बोल्टवर ०.०! मुख्य फ्यूज १२० चा होता, उडालाय. बदलण्याआधी डायोड तपासता येतील का?

प्रतिसाद १
येतील. बॅटरीची निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडवा. मीटर डायोड मोडवर, एक टोक बोल्टला, दुसरं अल्टरनेटरच्या बॉडीला. मग टोकं अदलाबदल करा. एका बाजूने साधारण ०.८ ते १ आणि दुसऱ्या बाजूने ओएल (म्हणजे करंट जातच नाही) आलं तर ठीक. दोन्हीकडून शून्याजवळ आलं तर डायोड गेले. ०.४-०.५ आलं तर जोडीतला एक शॉर्ट असण्याची शक्यता.

फ्यूज टाकून इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर घ्या. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर एखादा डायोड निकामी समजा. दिवा विझला तरी.

प्रतिसाद २
शेवटी बंद गाडी बॅटरीतून किती करंट खाते ते पाहा: गाडी लॉक करून अर्धा तास सोडा आणि निगेटिव्हच्या सिरीजमध्ये (बॅटरी आणि तिच्या निगेटिव्ह वायरच्या मधे मीटर जोडून) अँपिअर मोजा. सहसा ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. मीटर जोडल्यावर स्टार्टर मारलात, तर मीटरचा फ्यूजही जाईल.