मदत हवी आहे: समुद्रसिंहांवर मुलांसाठी खेळ सुचवा

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात चौथीला शिकवते. आमच्या लेकरांनी समुद्र पाहिलेला नाही, पण सध्या वेड समुद्रसिंहाचं, म्हणजे सी लायन या समुद्री प्राण्याचं! खोक्यांच्या प्लास्टिक पट्ट्या त्याच्या गळ्यात अडकतात अन् तो वाढेल तशा मांसात रुततात, हे कळल्यावर एक खेळ घेतला. रबरबँड हाताच्या मागून अंगठा अन् करंगळीत अडकवायचा, दुसरा हात न लावता सोडवायचा. वर्ग नुसता दणाणला! आता पोरं किराणा दुकानातल्या पट्ट्यांचे वेढे कापत फिरतात. त्याच्यासारखाच दिसणारा सील पोटावर सरपटतो, समुद्रसिंह मागचे पाय अंगाखाली घेऊन चालतो. या दोन चालींची शर्यत घ्यायचीच आहे. अजून काय घेता येईल? बिनखर्चाचं सांगा. चित्र रंगवा हे मात्र नको, त्याला पोरं कंटाळलीत. अन् पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरचे समुद्रसिंह धोक्यात आहेत, हे एवढ्या लहानग्यांना न घाबरवता कसं सांगावं?