मदत हवी आहे: राज्यघटनेची परिशिष्टं बदलतात कशी आणि चालतात कशी?

राज्यसेवा_तयारी:
घटनेच्या शेवटी जोडलेल्या बारा परिशिष्टांचे विषय पाठ आहेत, पण मुख्य परीक्षेतला प्रश्न त्यापुढे गेला की गाडी अडते. परिशिष्टात बदल करायचा तर दर वेळी अनुच्छेद ३६८ ची घटनादुरुस्ती लागते का? एका नोट्समध्ये साधं बहुमत लिहिलंय, दुसऱ्यात विशेष बहुमत. अकराव्या परिशिष्टातले २९ विषय पंचायतींना आपोआप मिळाले असं धरायचं का? आणि नवव्यात टाकलेल्या कायद्याला न्यायालय हात लावू शकत नाही, हे अजून खरं आहे का? कृपया नेमकं सांगा.

कलमनवीस:
पाठांतर बाजूला ठेवा आणि घटनेची अधिकृत प्रत उघडा. प्रत्येक परिशिष्टाच्या मथळ्याखाली कंसात अनुच्छेदांचे क्रमांक छापलेले असतात. पाचव्याखाली २४४(१), आठव्याखाली ३४४(१) आणि ३५१, नवव्याखाली ३१ बी. परिशिष्ट स्वतःच्या बळावर काही करत नाही. जे करायचं ते हे अनुच्छेद करतात. म्हणून आधी तिथे जा आणि वाक्याचं क्रियापद बघा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल. सातव्या परिशिष्टामागचा २४६ थेट सांगतो की संघ सूचीतल्या विषयांवर कायदे करण्याचा अधिकार संसदेलाच आहे. तिथे घटनेने वाटणी करून टाकलीय. अकराव्यामागचा २४३ जी मात्र म्हणतो की राज्य विधिमंडळ कायद्याने पंचायतींना अधिकार देऊ शकेल. देऊ शकेल, म्हणजे दिले तर मिळाले. पिण्याचं पाणी अकराव्या परिशिष्टात आहे एवढ्यावर पंचायतीचा अधिकार सिद्ध होत नाही, राज्याचा कायदा दाखवावा लागतो. शिवाय 'स्थानिक शासन' हा विषय राज्य सूचीत पाचव्या क्रमांकावर बसलेला आहेच. बाराव्या परिशिष्टातले नगरपालिकांचे १८ विषय आणि २४३ डब्ल्यू यांचंही असंच.

याच पद्धतीने आठवं, म्हणजे भाषांचं परिशिष्ट वाचा. ३४४ राजभाषा आयोगाबद्दल आहे, ३५१ हिंदीच्या विकासाबद्दल. एखादी भाषा आठव्यात आली म्हणून ती संघाची राजभाषा होत नाही. तो विषय ३४३ चा. इंग्रजी तर आठव्यात नाहीच.

दुरुस्तीवाला:
पहिल्या प्रश्नावर. दोन्ही नोट्स अर्ध्याअर्ध्या बरोबर आहेत, कारण रस्ते तीन आहेत.

साधं बहुमत: नवं राज्य करताना पहिलं (राज्यांची यादी) आणि चौथं (राज्यसभेतल्या जागा) परिशिष्ट अनुच्छेद ४ मुळे साध्या कायद्यानेच बदलतं आणि ती ३६८ ची दुरुस्ती मानली जात नाही. २०१४ मध्ये राज्यसभेतल्या आंध्र प्रदेशाच्या १८ जागांच्या आंध्र ११ आणि तेलंगणा ७ झाल्या त्या अशाच. आदिवासी भागांच्या कारभाराबद्दलच्या पाचव्याच्या परिच्छेद ७ मध्ये आणि सहाव्याच्या परिच्छेद २१ मध्ये अशीच सोय आहे. वेतनांच्या दुसऱ्या परिशिष्टाची मजा वेगळी. मजकुरात राष्ट्रपतींचं वेतन दरमहा १०,००० रुपये आहे, पण अनुच्छेद ५९(३) संसदेला कायद्याने वेतन ठरवू देतो आणि २०१८ च्या वित्त अधिनियमाने ते ५ लाख केलं. परिशिष्टाला हात लावायची गरजच पडली नाही.

विशेष बहुमत (प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश): आठवं, नववं वगैरे. सिंधी १९६७ मध्ये २१ व्या घटनादुरुस्तीने आली. कोकणी, मणिपुरी, नेपाळी ७१ व्याने आणि बोडो, डोगरी, मैथिली, संथाली ९२ व्याने. १४ वरून २२ झाल्या त्या अशा.

विशेष बहुमत अधिक निम्म्या राज्यांची मंजुरी: सातव्यातली कोणतीही सूची. राज्य सूचीत ११, १९, २० आणि २९ हे क्रमांक गाळलेले दिसतात. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण, वनं, वन्य प्राणी व पक्षी, वजनं-मापं समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या) नेली त्याच्या या खुणा.

राज्यसेवा_तयारी:
चौथं परिशिष्ट मग नेहमीच साध्या बहुमताने?

दुरुस्तीवाला:
नाही, हाच सापळा आहे. राज्यनिर्मितीशी संबंध नसताना राज्यांच्या जागा बदलायच्या असतील तर 'संसदेतील राज्यांचं प्रतिनिधित्व' ३६८(२) च्या परंतुकात (नियमाला जोडलेल्या अटीत) येतं, म्हणजे राज्यांची मंजुरीही लागते.

निकालपत्र:
नवव्याबद्दल. ३१ बी चं कवच फक्त मूलभूत हक्कांच्या भंगाच्या आक्षेपापासून आहे. विधिमंडळाला त्या विषयावर कायदा करायचा अधिकारच नव्हता, हा आक्षेप तेव्हाही घेता येत होता, आजही येतो. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने १३ कायदे त्यात घातले. बिहारचा जमीन सुधारणा कायदा पहिला आणि मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ दुसरा. पुढे ११ जानेवारी २००७ ला आय. आर. कोएल्हो खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेले कायदे मूलभूत संरचनेच्या, म्हणजे दुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या घटनेच्या गाभ्याच्या कसोटीवर तपासता येतील. ती तारीख केशवानंद भारती निकालाची. उत्तरात दोन्ही तारखा लिहा, एकच लिहिली तर मुद्दा लंगडा राहतो.

दहाव्याबद्दल विचारलं नाहीत, पण वरच्या तीन रस्त्यांचं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथे आहे. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने पक्षांतरबंदीचं परिशिष्ट आलं. त्याच्या परिच्छेद ७ ने अपात्रतेच्या बाबतीत न्यायालयांचा अधिकारच काढून घेतला. म्हणजे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांना १३६, २२६ आणि २२७ ने दिलेल्या अधिकाराला प्रत्यक्ष कात्री लागली आणि त्यासाठी राज्यांची मंजुरी हवी होती. ती घेतली नव्हती. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात परिच्छेद ७ तेवढ्यासाठी रद्द झाला, बाकीचं परिशिष्ट टिकलं. म्हणजे बदल कुठल्या परिशिष्टात आहे यापेक्षा तो कोणत्या अनुच्छेदाला लागतो हे आधी पाहायचं. आणि पक्षातले एकतृतीयांश फुटले तर अपात्रता टळते, हा परिच्छेद ३ अजून लिहू नका, तो २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने गेला. आता उरलाय तो परिच्छेद ४, दोन तृतीयांश आमदार किंवा खासदारांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाचा.

राज्यसेवा_तयारी:
खूप स्पष्ट झालं. शेवटची शंका: अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या कोणत्या परिशिष्टात? आणि शपथा सगळ्या तिसऱ्यात ना?

कलमनवीस:
याद्या कोणत्याच परिशिष्टात नाहीत. ३४१ आणि ३४२ खाली राष्ट्रपतींनी काढलेल्या आदेशांत आहेत आणि त्यात भर घालायची किंवा वगळायचं तर संसदेचा कायदा लागतो. शपथांचंही पूर्ण खरं नाही. मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश आणि कॅग (नियंत्रक व महालेखापरीक्षक) यांच्या तिसऱ्यात. राष्ट्रपतींची अनुच्छेद ६० मध्ये, उपराष्ट्रपतींची ६९ मध्ये, राज्यपालांची १५९ मध्ये.