परदेशी खापरी सापडली, की घर श्रीमंताचे?

खापरखुंटी: प्राचीन इजिप्तमधील ज्या घरात मायसीनी, म्हणजे कांस्ययुगीन ग्रीसच्या, भांड्याची खापरी निघते ते घर प्रतिष्ठिताचेच समजावे, असे कालच्या लेखात ठामपणे म्हटले आहे. संग्रहालयांतील ‘प्रतिष्ठेची वस्तू’ या पाट्या वाचून मी आधीच विटलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. फेरो अखेनातेनची राजधानी असलेल्या अमार्ना येथे पुरातत्त्वज्ञ पेट्री यांना 1891-92 मध्ये तेराशेहून अधिक मायसीनी खापऱ्या मिळाल्या, त्या मुख्यतः राजवाड्यालगतच्या उकिरड्यांत. त्यांत रिकिबीसारखे कान असलेल्या, अरुंद तोंडाच्या कुप्या पुष्कळ होत्या. मोल आतल्या सुगंधी तेलाचे. तेल संपले, कुपी उकिरड्यावर गेली. तशाच कुप्या देर अल-मदिना येथील कारागिरांच्या वस्तीतही निघाल्या. ते काय सरदार होते?

उंबरठा: सरदार नव्हते, पण गरीबही नव्हते. राजांची थडगी खोदणाऱ्या त्या कारागिरांना सरकारातून दरमहा चार पोती गहू आणि दीड पोते जव मिळत असे. शिवाय मोल केवळ तेलाचे असते, तर इजिप्तच्या कारागिरांनी त्याच कुपीच्या नकला फायान्समध्ये (झिलई दिलेल्या चकचकीत मातीसारख्या पदार्थात) आणि अलाबास्टरमध्ये (मऊ, फिकट दगडात) कशासाठी घडवल्या? माझ्या आत्याने मस्कतहून आणलेली अत्तराची कुपी रिकामी होऊन वीस वर्षे झाली, तरी ती आजही दर्शनी कपाटात उभी आहे आणि पाहुण्यांना आवर्जून दाखवली जाते.

नीलकाठ: आत्याबाईंचे कपाट हा इ. स. पू. चौदाव्या शतकाचा पुरावा नव्हे. आणि सायप्रसहून येणाऱ्या ‘बेस रिंग’ (बुडाशी कडे असलेल्या) सुरया तुम्ही दोघेही विसरलात. त्यांचा आकार उलट्या धरलेल्या अफूच्या बोंडासारखा आहे, हे पुरातत्त्वज्ञ मेरिलीस यांनी 1962 मध्येच मांडले होते, आणि 2018 मध्ये ब्रिटिश म्युझियममधील एका सुरईत अफूचे अंश आढळलेही. म्हणजे घेणारा प्रतिष्ठा नव्हे, औषध विकत घेत होता.

खापरखुंटी: एका सुरईतले अंश, तेही वनस्पती-तेलात मिसळलेले, आणि आपण सगळा व्यापार अफूचा ठरवून मोकळे! माझ्या आजीच्या बाळागोळीत अफू असे. म्हणून तिच्या फडताळातील प्रत्येक डबी अफूचीच मानायची काय?

नीलकाठ: प्रत्येक डबी अफूची आहे, असे मी कुठे म्हटले? आधी नीट वाचावे, मग आजीला मध्ये आणावे.

उंबरठा: अफू बाजूला ठेवा, फायान्सच्या नकलांचे उत्तर अद्याप कुणीही दिलेले नाही.

खापरखुंटी: देतो. ज्याने नक्कल करवून घेतली, त्याला आकाराची हौस होती, इतके मान्य. मात्र त्यावरून उकिरड्यातील फुटक्या कुपीचा मालकही प्रतिष्ठित ठरत नाही. आणि आत्याबाईंची कुपी तुमच्या बाजूची साक्षीदार आहे, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागते, कारण आमच्याही घरी तशीच एक आहे.