लिनक्सवर घरचे चित्रपटगृह आणि खेळ एकाच संगणकात जमतील का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
नमस्कार. दिवाणखान्यातील टीव्हीसाठी मी रायझन प्रोसेसरचा, १६ जीबी मेमरीचा छोटा संगणक घेतला असून, चित्रपट, गाणी आणि खेळ हे सारे त्यावर रिमोट व गेमपॅडने चालावे, अशी इच्छा आहे. वडिलांना कीबोर्ड हाताळावा लागू नये. लिनक्सची कोणती प्रणाली निवडावी?

उत्तर (शाहूपुरी):
केवळ चित्रपट पाहायचे असते, तर कोडी या चित्रपट व गाणी चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच थेट सुरू होणारी लिब्रेइलेक ही लिनक्स प्रणाली पुरेशी होती. खेळांसाठी मात्र मी फेडोरा या लिनक्स प्रणालीवर आधारलेले बाझाइट सुचवेन, कारण त्याची टीव्हीसाठीची आवृत्ती थेट स्टीम या खेळ विकत घेण्याच्या व चालवण्याच्या प्रोग्राममध्ये उघडते आणि स्टीम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉन या साधनामुळे विंडोजसाठी बनलेले पुष्कळ खेळ तिच्यावर चालतात. कोडी फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर प्रोग्राम बसवण्याची एक पद्धत) बसवून स्टीमच्या यादीत जोडावे, म्हणजे वडिलांना ते गेमपॅडनेच उघडता येईल. फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत, हे मुलांना आधीच सांगावे.

उत्तर (रंकाळा परिसर):
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त टीव्हीच्या रिमोटचा विचार आधी करा. संगणकांच्या बहुतेक ग्राफिक्स चिपमध्ये एचडीएमआय-सीईसीची, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचे आदेश एचडीएमआय तारेतून संगणकापर्यंत नेण्याची, सोय नसते, त्यामुळे त्यासाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो. शिवाय रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या लिनक्सवरील मुक्तस्रोत ड्रायव्हरमधील एचडीएमआय २.१ ची (४के चित्र ६० हर्ट्झहून अधिक वेगाने दाखवू शकणाऱ्या आवृत्तीची) सोय हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारली होती, म्हणून ४के चित्र ६० हर्ट्झवर मिळेल, इतकेच गृहीत धरून खर्च ठरवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा छोटा यूपीएसही अवश्य जोडा.

प्रश्नकर्ता:
आपले मनापासून आभार. अडॅप्टर मागवतो आणि रविवारी बाझाइट बसवून अनुभव येथेच लिहितो.